शेलूबाजार टू मॉरिशस, व्हाया सोयाबीन

फॉरेन टूर म्हटलं की आपण आधी हॉटेलचे फोटो बघतो आणि सगळ्यात शेवटी बँक बॅलन्स. पण दोघांची निवांत, आरामाची सुट्टी ठरवायची तर सुरुवात नेमकी कुठून करायची? हा धडा मला कुठल्या ट्रॅव्हल फेअरमध्ये मिळाला नाही. तो मिळाला सासरच्या ओसरीवर, सोयाबीनच्या पोत्यांच्या साक्षीने!

लग्नाला तीन वर्षं झाली आणि आमचा हनिमून अजून व्हायचाय. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांची हीच स्टोरी असणार. लग्न झालं तेव्हा नवरोबाचं प्रोजेक्ट ‘गो लाइव्ह’ होतं. पहिल्या वर्षी अप्रेझल आलं, दुसऱ्या वर्षी फ्लॅटचं डिपॉझिट. आता तर तो हिंजवडीत अमेरिकन क्लायंटसाठी रात्रपाळी करतो आणि मी फ्रीलान्सर. तो सकाळी घरी येतो तेव्हा मी मुलाखतीला निघालेली असते. मी संध्याकाळी परतते तेव्हा तो शूजच्या लेस बांधत असतो. एकाच वन बीएचकेमध्ये राहून आम्ही लाँग डिस्टन्स रिलेशनशिप चालवतोय, बॉस! एकमेकांना निरोप द्यायचा तर फ्रिजच्या दारावर पिवळी चिठ्ठी.

त्यामुळे गेल्या सप्टेंबरमध्ये ठरवलं, आता बास. मे महिन्यात आठवडाभर फोन म्यूट, लॅपटॉप बंद आणि समोर निळाशार समुद्र. पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीकडून मॉरिशसचं कोटेशन मागवलं. सहा रात्री, सात दिवस, तीन हॉटेल्स, आठ अ‍ॅक्टिव्हिटीज. हेलिकॉप्टर राइड, समुद्राच्या तळाशी चालणं, किनाऱ्यावर मेणबत्त्या लावून डिनर... दोघांचे मिळून ३,४०,००० रुपये. नवरोबाने ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत प्रिंट काढली आणि ती लॅपटॉप बॅगेत गेली. तीच बॅग दिवाळीला आमच्यासोबत शेलूबाजारला आली.

चष्मा, पेन आणि चौसष्ट क्विंटल

शेलूबाजार म्हणजे माझं सासर. वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. नावातच बाजार आहे, त्यामुळे वर्दळ कायमची. आता गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो आणि ५ जून २०२५ला त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून नागपूर ते ठाण्याजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झालाय. म्हणजे मुंबई आता जवळ आलीय. वावरातलं गणित मात्र जुनंच आहे.

आमचा बेत असा होता की घरी काही बोलायचंच नाही. ‘ऑफिसच्या कामाने बाहेर चाललोय’ एवढं मे महिन्यात सांगायचं. पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोबाइलचा चार्जर हवा होता. तो बॅगेत होता आणि चार्जरच्या वरच ती रंगीत प्रिंट!

दुपारभर मामाजी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी चष्मा लावून, खिशातलं पेन काढून ओसरीवर बसले.

“हे तीन लाख चाळीस हजार एकाचे का दोघायचे?”

“दोघांचे,” नवरोबा पुटपुटला.

“सात दिवसाचे?”

“हो.”

मामाजींनी प्रिंटच्याच कोपऱ्यात आकडेमोड केली. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. पण दिवाळीआधी आमच्या पोत्यांना व्यापाऱ्याने दिला होता ४,२०० रुपये भाव. “हमीभावानं चौसष्ट क्विंटल. अन् मिळाला त्या भावानं एक्क्यांशी. आपल्या नऊ एकरातलं सारं सोयाबीन घातलं तरी हे सात दिवस पुरत नाहीत.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त उठले आणि गुरांकडे गेले. आणि मला एकदम आठवलं, नवरात्रात त्यांचा फोन आला होता. विहिरीवरची मोटार जळाली, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, जमेल का? नवरोबा म्हणाला होता, “पगार झाला की बघतो, बाबा.” पगार दोनदा झाला होता.

गच्चीवरचं भांडण

त्या रात्री गच्चीवर आमचं कडाक्याचं वाजलं. अर्थात दबक्या आवाजात, कारण खाली सगळे झोपले होते. मी म्हणाले, पैसे आपण कमावलेत, कुणाकडून मागितलेले नाहीत. तीन वर्षांत सलग पाच दिवस तरी एकत्र काढलेत का आपण? तो म्हणाला, तुला नाही कळणार, नऊ एकरात बाप राबतो तेव्हा मुलगा हेलिकॉप्टरमधून समुद्र बघत नसतो. मी म्हणाले, मग प्रिंट कशाला काढलीस? तो गप्प. मग मीही गप्प.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “खरं सांगू? मला ते हेलिकॉप्टर नकोच होतं.”

मलाही नको होतं! मग ते आलं कुठून? पॅकेजमध्ये होतं म्हणून. मोबाइलच्या उजेडात ती प्रिंट उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोघांनी आपापल्या याद्या लिहिल्या. ‘तीन गोष्टी हव्याच’ आणि ‘तीन गोष्टी नकोच’. एकमेकांचं न बघता.

त्याची यादी : गजर बंद. समुद्रात मनसोक्त पोहणं (गडी गावच्या विहिरीत पोहायला शिकलाय). संध्याकाळी काहीही न करणं. नको काय? ग्रुपची बस, पहाटेचा चेक-आउट, फोटोग्राफर.

माझी यादी : खोलीला बाल्कनी. उशिरापर्यंत मिळणारा नाश्ता. रोज पायी भटकायला एखादं साधं गाव. नको काय? रोज नवी बॅग भरणं, सक्तीची शॉपिंग, आणि घरी खोटं सांगून जाणं.

शेवटचा मुद्दा वाचून तो माझ्याकडे बघत राहिला. सुट्टी आरामाची व्हायला हवी तर ती आधी इथे, या गच्चीवर आरामाची व्हायला हवी होती. मनात काहीतरी लपवून समुद्रकिनारी आडवं पडलं तर झोप कशी लागणार?

तुम्हालाही माझा हाच सल्ला. कोटेशन मागवण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या याद्या करा. दोन्ही याद्यांत नसलेली गोष्ट डोळे मिटून काटा. आमच्या आठपैकी सहा अ‍ॅक्टिव्हिटीज तिथेच गळाल्या.

आधी महिना, मग देश

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर पहिला प्रश्न घेतला : मॉरिशसच का? आपण उलटं करतो. आधी देश ठरवतो आणि मग सुट्टी मिळेल तेव्हा जातो. उष्ण कटिबंधात हा फंडा महागात पडतो. तिथे थंडी-उन्हाळ्यापेक्षा पाऊस आणि वारा महत्त्वाचा.

समजा, आमच्यासारखी तुमची सुट्टी मे महिन्यात आहे. तेव्हा थायलंडच्या फुकेतकडे पावसाळा सुरू होतो. मालदीवलाही नैर्ऋत्य मान्सून पोचतो. श्रीलंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचे छान दिवस म्हणजे डिसेंबर ते मार्च. मेमध्ये जायचं तर पूर्वेकडचं त्रिंकोमाली गाठायचं. बालीत मात्र मेमध्ये कोरडा ऋतू असतो. आणि मॉरिशस? ते दक्षिण गोलार्धात, त्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. जानेवारी ते मार्च हे वादळांचे महिने संपलेले असतात, हवा सुखद असते आणि समुद्र अजून पुरता गार झालेला नसतो. आपल्याकडे ऊन रणरणत असताना यापेक्षा काय हवं?

मालदीवचा मोह मलाही होता. पाण्यावरची ती लाकडी घरं कुणाला आवडत नाहीत? पण तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक स्वतंत्र बेट. विमानतळावरून स्पीडबोट किंवा सीप्लेनने जायचं, त्याचे पैसे वेगळे आणि दणदणीत. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, म्हणजे विमान संध्याकाळी पोचलं तर एक रात्र मालेत काढा. शिवाय एकदा बेटावर पोचलात की जेवण-चहा सगळं त्याच रिसॉर्टच्या दरात. माझ्या यादीतलं ‘पायी भटकायला गाव’ तिथे अवघडच. बाली यादीत बसत होतं, पण मन मॉरिशसवरच राहिलं, आणि आम्हाला मध्ये विमान न बदलता जायचं होतं. मुंबईहून मॉरिशसला थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. भारतीयांना व्हिसासाठी आधी धावपळ नाही आणि फीही नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन ट्रॅव्हल फॉर्म भरायचा.

वाशिमच्या निम्म्याहून लहान

नवरोबाच्या डोक्यात मॉरिशस कसं बसलं माहितीये? अख्खा देश वाशिम जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान! लोकसंख्या साधारण साडेबारा लाख आणि २०११च्या जनगणनेत आपल्या वाशिम जिल्ह्याची जवळपास बारा लाख. मग एवढ्याशा बेटावर तीन हॉटेल्स कशाला? प्रत्येक हॉटेलबदलात बॅग भरणं, चेक-आउट, गाडी, चेक-इनची वाट, असा अर्धा दिवस जातो. आम्ही तीनचं एक हॉटेल केलं.

पण किनारा नीट निवडायला हवा. उत्तरेचं ग्रँड बे गजबजलेलं : दुकानं, रेस्तराँ, नाइटलाइफ. पूर्वेला बेल मारचे किनारे देखणे, पण जून ते ऑगस्टमध्ये तिथे आग्नेय वारे चांगलेच झोंबतात. पश्चिमेचं फ्लिक अँ फ्लाक वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोशाला आणि सूर्यास्त थेट समुद्रात. आम्ही ते घेतलं. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत शांत, उथळ पाणी राहतं. विहिरीत शिकलेल्या गड्याला बरं! दक्षिणेला ग्री ग्रीजवळ मात्र ही भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा बघायच्या, पाण्यात शिरायचं नाही.

सहा दिवसांत बाहेर फिरायचे दिवस फक्त दोन. एक दिवस नैर्ऋत्येकडे : शामारेलचा धबधबा, तिथली सात रंगांची माती आणि ल मॉर्नचा डोंगर. दुसरा दिवस राजधानी पोर्ट लुईचा. बाकी चार दिवस वेळापत्रकात आम्ही चक्क ‘काही नाही’ असं लिहिलंय. आणि हो, मेमध्ये तिथे सूर्य सहाच्या आतच मावळतो. फिरायला निघायचं तर सकाळी लवकर, पण फक्त त्या दोनच दिवशी!

आता पैशांचं

नवा हिशोब मामाजींच्याच पेनाने लिहिला. मुंबईहून थेट विमानाची दोन तिकिटं १,०४,०००. एकच हॉटेल, सहा रात्री, नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह ९६,०००. विमानतळावरून ने-आण आणि दोन दिवसांची गाडी १६,०००. दुपारचं खाणं, चहा-पाणी, प्रवेश तिकिटं १८,०००. विमा आणि तिथलं सिमकार्ड ६,०००. एकूण २,४०,००० रुपये.

एक लाख कुठे गेले? समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीऐवजी बागेकडची घेतली, कारण समुद्र दोन मिनिटांवरच आहे. हेलिकॉप्टर, तळाशी चालणं, मेणबत्त्या गेल्या. तीन हॉटेल्सची ने-आण वाचली. थेट विमान आणि बाल्कनी मात्र सोडली नाही. दुबईमार्गे तिकीट थोडं स्वस्त मिळत होतं, पण मधल्या विमानतळावर रात्रभर खुर्चीत बसायचं असेल तर रात्रपाळी काय वाईट? पैसे वाचवायचे ते देखाव्यावर, आरामावर नाही. कर्ज नाही, क्रेडिट कार्डाचे हप्ते नाहीत. मेपर्यंत दर महिन्याला ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात.

आणि वाचलेल्या लाखातून पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाडवा झाल्यावर बापलेक गाडीवर बसून अकोल्याला गेले आणि नवी मोटार, स्टार्टर, पाइप घेऊन आले.

“तिथं खायाले काय भेटते?”

हे सगळं सासूबाई कणकेच्या परातीमागून ऐकत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न : “तिथं खायाले काय भेटते?” मी सांगितलं, तिथलं रस्त्यावरचं सगळ्यात लाडकं खाणं म्हणजे डाळपुरी. आत वाटलेली डाळ, वर कडधान्याची उसळ आणि चटणी, नेहमी दोन-दोनच्या जोडीने देतात. “म्हंजे बिनागुळाची पुरणपोळीच की!” आणि तिथली ती ‘गातो पिमां’? डाळवडे! आईंचा मॉरिशसवर एकदम विश्वास बसला.

मग मी त्यांना मॉरिशसच्या मराठी माणसांबद्दल सांगितलं. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून भारतातले ३६ मजूर तिथे उसाच्या मळ्यांत राबायला उतरले. त्यानंतर १९२०पर्यंत जवळपास पाच लाख माणसं करारावर तिथे पोचली. त्यात मुंबईहून निघालेली, रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावरून ती आत गेली तो ‘आप्रवासी घाट’ २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते! म्हणूनच पोर्ट लुईचा दिवस आम्ही ठेवलाय. खरं तर मला गणपतीतच जायचं होतं. पण तेव्हा सासरी महालक्ष्म्या असतात, आणि विदर्भातल्या सुनेने त्या तीन दिवसांत समुद्रकिनारी असणं म्हणजे... जाऊ द्या!

आईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “म्या समुद्र टीव्हीतच पायला.” तक्रार नव्हती, सहज सांगितलं. तिरुपती झालं, पंढरपूर दोनदा झालं. समुद्र राहिलाच.

मामाजी दारात उभे होते. “सोयाबीन निघालं की जाऊ, हरभरा निघाला की जाऊ, असं म्हनता म्हनता साठी आली. तुमी जा. पन चोरून काहून जाता? चोरी केली का?”

नवरोबाने मान खाली घातली. मीही. प्रिंट मामाजींनी घडी करून देवळीत ठेवली, वीजबिलांच्या शेजारी. ती अजून तिथेच आहे.

आता तिकिटं काढून झालीत. आईंसाठी शिंपले आणायचं मी कबूल करून बसले होते, पण समुद्रातले शिंपले-प्रवाळ उचलून आणायचे नसतात, हे नंतर कळलं. त्यामुळे दुसरं ठरलंय. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. फ्लिक अँ फ्लाकला पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडेल तेव्हा शेलूबाजारात सव्वासात वाजलेले असतील. आई दिवाबत्ती करून ओसरीवर आलेल्या असतात. बरोबर तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा आणि फोन समुद्राकडे धरायचा. त्या एका कॉलपुरता फोन म्यूट नसेल, एवढी सूट आम्ही एकमेकांना दिलीय.

चौकट : बॅग भरण्याआधी

• पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही किमान ६ महिने वैध हवा. तिकीट पासपोर्टवर असलेल्या नावानेच काढा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर हे विसरू नका.

• तयार टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस आकारला जातो. बुकिंगच्या वेळचा दर विचारून घ्या, पावती जपा. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

• मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले साधारण दोन रुपये. ‘रुपया’ ऐकून स्वस्त समजू नका!

• टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात.

• तिथे ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची सॉकेट्स सर्रास असतात. अडॅप्टर जवळ ठेवा.

• प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात. पाण्यात घालायचे रबरी शूज इथूनच घ्या. डासांचं मलमही.

• प्रवासाचा विमा टाळू नका. त्यात उपचारांबरोबर विमान रद्द होणं धरलंय का, ते वाचा.

• परत आल्यावर एक दिवस सुट्टी शिल्लक ठेवा. विमानतळावरून थेट ऑफिस गाठलं तर सगळा आराम तिथेच संपला!